पडवीत अडलेला होकार

ही हकीकत छापायला जाण्याआधी आमच्या पडवीतून गेलेली आहे. म्हणजे मी लिहीत गेले, सासूबाईंना वाचून दाखवत गेले आणि त्यांनी हात वर केला की थांबत गेले. त्यांचं म्हणणं कंसात आहे. वाचताना मध्येमध्ये अडखळायला होईल. मला झालं, तुम्हालाही होऊ दे.

(पडवी: वाचणाऱ्यांना असं बोलतात काय गो? सांभाळून घ्या म्हणून लिही.)

सांभाळून घ्या.

माझे सासरे राजाराम गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि नुसतं बसून काय करायचं म्हणून त्यांनी वधू-वर सूचक मंडळ काढलं. आमच्या समाजाचं, म्हणजे जिल्ह्यातल्या बौद्ध घरांचं. रत्नागिरीजवळ नाचण्याला आमचं चिरेबंदी घर आहे. त्याच्या पुढच्या पडवीत एक टेबल, एक कपाट, भिंतीवर घटनेची उद्देशिका आणि तिच्याखाली बाबा. बाबा अध्यक्ष. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मंडळावर कोणीच नव्हत्या. त्या फक्त फोन उचलायच्या.

जिल्ह्याला वाटायचं मंडळ बाबा चालवतात. बाबांनाही तसंच वाटायचं.

फोन असा चाले. मुलाकडचे म्हणत, "मुलगी बुटकी आहे, नको." आई म्हणत, "बरं." फोन ठेवत. पाणी पीत. मग मुलीकडे फोन लावून सांगत, "मंडळी चांगली हो, पण त्यांनी घराचं काम काढलंय. यंदा करायचं नाही म्हणतायत." मुलीकडच्यांना काय ते कळे, वाईटही वाटे, पण उंचीबद्दल वाटत नसे. आईंच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला तर त्या काळात जिल्ह्यातली निम्मी घरं दुरुस्तीला निघालेली होती.

शेजारच्या गोदूबाई कुंपणावरून म्हणायच्या, "तुमच्यात फार त्रास बाई. आमच्यात पत्रिका जुळत नाही म्हटलं की संपलं. ग्रहांवर ढकलून द्यायचं. ग्रह काय फोन करून भांडत नाहीत."

हे खरं होतं. छप्पन साली धम्म स्वीकारताना आमच्या आजेसासऱ्यांनी पत्रिका, मुहूर्त सगळं सोडलं आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्या गाठोड्यात नकार देण्याचं एक सोपं निमित्तही होतं, ते तेवढं बाजूला काढून ठेवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून आमच्यात माणसाला माणसानेच नाही म्हणावं लागतं.

(पडवी: गोदूबाईचं नाव कशाला घातलंस? ती वाचेल. — आई, त्यांनीच घालायला सांगितलंय.)

आता मी. मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी वेब सेवा कशा बनवायच्या याचा एक कोर्स केला, आणि कोर्स केलेल्या माणसाला त्याचा उपयोग कुठेतरी करून दाखवायचा असतो. घरात आंब्यांचा धंदा असता तर मी आंब्यांवर केला असता. घरात मंडळ होतं, मंडळावर केला.

काम सोपं होतं. मुलांनी, मुलींनी आपापली माहिती भरायची. नाव दिसणार नाही, फक्त सभासद क्रमांक आणि गाव. एकाने दुसऱ्याकडे निरोप पाठवायचा, तो आमच्या सेवेकडे मागणी म्हणून येणार, सेवा तो पलीकडे देणार, पलीकडचं उत्तर अलीकडे आणणार. दोघांचा होकार झाला की मगच नावं उघड. उद्घाटनाच्या दिवशी मी पडवीत उभी राहून छोटंसं भाषण केलं. "आता मध्ये कोणी नाही!" मी म्हणाले. टाळ्या पडल्या. आईंनी वाजवल्या नाहीत.

पहिल्याच आठवड्यात उत्तरं जायला लागली.

"नको."

"फोटो लग्नातला आहे. शेजारी उभी आहे ती कोण? तिचं झालंय का?"

"मुलगा ठीक. आत्या डोक्यावर बसेल असं ऐकून आहोत."

हे शेवटचं मालगुंडला गेलं. दुसऱ्या दिवशी मालगुंडहून मुलाचे वडील पडवीत हजर. सोबत आत्या. "ही बघा," ते बाबांना म्हणाले, "कोणाच्या डोक्यावर बसलेय दाखवा." आत्या खुर्ची सोडून मुद्दाम जमिनीवर बसल्या. जेवायच्या वेळेपर्यंत आणखी दोन घरं आली. सगळ्यांचा एकच प्रश्न होता: असं तोंडावर बोलतात काय? आणि उत्तर द्यायला सगळे बाबांकडे बघत होते, बाबा माझ्याकडे, आणि मी पंख्याकडे.

"आमच्या सुनेनं काय ते कॉम्प्युटरचं केलंय," बाबा म्हणाले. 'आमची सून' या दोन शब्दांत माझी पदवी, माझा कोर्स आणि माझं भाषण, तिन्ही विरघळून गेली.

संध्याकाळी कार्यकारिणी बसली. कार्यकारिणी म्हणजे बाबा, माझा नवरा धम्मदीप, जो बँकेत आहे आणि मत विचारलं की "बघा" म्हणतो, आणि मोबाइल दुरुस्तीवाला अनिल, ज्याला कोणत्याही ठरावाला अनुमोदन द्यायला आवडतं. मी त्यांना सांगितलं, यावर उपाय आहे. निरोप पलीकडे पोचण्याआधी त्याला मध्ये थांबवता येतं, तपासता येतं, हवं तर बदलता येतं. तसंच उत्तर परत येतानाही. त्याला इंटरसेप्टर म्हणतात.

"अंतरावरोधक," बाबा म्हणाले.

"म्हणजे काय?" अनिल म्हणाला.

आई आतून चहा घेऊन येत होत्या. "म्हणजे पडवी," त्या म्हणाल्या. "आला गेला कोणी सरळ माजघरात घुसत नाही. पडवीत टेकतो, पाय धुतो, पाणी पितो. मग आत. जातानाही पडवीतनंच जातो. तुझ्या त्या कॉम्प्युटराला पडवीच नाही, म्हणून मेले सगळे चिखलाच्या पायांनी आत जातायत."

कोर्समध्ये हीच गोष्ट तीन व्हिडिओंत सांगितली होती आणि मला ती तिथे नीट कळली नव्हती. आताही कळली असं मला वाटलं, इतकंच.

ठराव झाला. 'मंडळाच्या वेबसाईटवरील सर्व निरोप व उत्तरे सभ्यतेच्या दृष्टीने मध्ये अडवून योग्य ते बदल करून पुढे पाठवावीत.' अनिलचं अनुमोदन. धम्मदीपचं "बघा".

नियम आईंनी सांगितले. मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले, त्या बांगडे साफ करत होत्या.

"नकार कधी नकार म्हणून जायचा नाही. 'विचार करून कळवतो' म्हणायचं. समजणाऱ्याला समजतं."

लिहिलं.

"पण तो लगेच पाठवायचा. होकार मात्र लगेच द्यायचा नाही. आठ दिवस ठेवायचा."

"का?"

"लगेच हो म्हटलं की लोक म्हणतात, पोरगी जड झालीय. होकार लोणच्यासारखा, मुरू द्यायचा. नकार म्हणजे मासळी, आल्या दिवशी घराबाहेर."

लिहिलं.

"मुलीनं अट घालायची नाही. घातली तर काढून टाक, काहीतरी गोड घाल. मुलाच्या अटीही काढ. मी दुजाभाव करत नाही. मुलीनं 'स्वयंपाक येतो काय' असलं मुलाला विचारायचं नाही. आणि पुढे आदरणीय, मागे लोभ असावा."

"आणि मूळ निरोप कुठे साठवायचे?"

आईंनी बांगडा खाली ठेवला. "दुसऱ्याच्या घरातलं बोलणं साठवून ठेवायचं? आपण काय त्यातल्या आहोत?"

कोर्समध्येही सांगितलं होतं की लोकांचं खासगी बोलणं उगाच साठवू नये. आई आणि कोर्स एकाच बाजूला असण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी भारावून गेले. बदललेला निरोप पुढे जाणार, मूळ तिथल्या तिथे पुसला जाणार. आजही मला ते बरोबरच वाटतं आणि त्यानेच सगळा घोटाळा झाला.

राहिला प्रश्न यंत्राला नकार ओळखू कसा येणार याचा. मी सोपं केलं. वाक्यात 'नाही' किंवा 'नको' असलं की नकार. 'चालेल का' असलं की अट. दोन्ही असलं तर आधी अट. प्रश्नात 'स्वयंपाक' दिसला की त्याजागी छंद. हे लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

(पडवी: बांगड्यांचं राहू दे. पण ते कौतुक काढ, बरं दिसत नाही. — तेवढं असू द्या ना. — बरं, असू दे.)

पडवी सुरू झाली आणि रत्नागिरीत शांतता पसरली. कोणी भांडायला येईना. मालगुंडच्या आत्यांना सुद्धा 'आदरणीय' असं कोणीतरी लिहिलं आणि त्यांनी बाबांना फोन करून आभार मानले. एकदोन किरकोळ गोष्टी घडल्या. लांज्याच्या एका मुलाने 'पासवर्ड आठवत नाही' असं कळवलं, तर त्यालाच 'आदरणीय महोदय, विचार करून कळवतो' असं गेलं. तो बिचारा थांबला. एका निरोपावर मला 'आदरणीय आदरणीय आदरणीय' असं दिसलं. मी मनाशी म्हटलं, बघू कधीतरी. तक्रार कोणाचीच नव्हती. आमच्याकडे आदर जास्त झाला म्हणून कोणी तक्रार करत नाही.

आता रेणू.

रेणुका माझी नणंद. पोफळीला वीजघरात नोकरी करते, डोंगराच्या पोटात, जिथे बाहेर पाऊस आहे की ऊन हे आतल्याला कळत नाही. तिथल्याच वसाहतीत एकटी राहते, शनिवारी घरी येते. वयाची बत्तीस उलटली होती. आधीची दोन स्थळं तिच्या नोकरीवर अडून गेली होती. दुसरं गेलं तेव्हा तिने आम्हाला काही सांगितलं नाही, फक्त दोन शनिवार आली नाही. म्हणून आईंनी तिला मंडळाच्या वेबसाईटवर नाव घालायला सांगितलं तेव्हा ती "तुमच्यासाठी घालते" म्हणाली. पडवीचं तिला कोणी सांगितलं नाही. आई म्हणाल्या, अध्यक्षांच्या मुलीला वेगळा नियम नको.

गणपतीच्या सुट्टीच्या सुमारास तिला सावर्ड्याच्या एका मुलाची मागणी आली. सुजय. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला, हायवेवर टेम्पो-रिक्षांच्या सुट्या भागांचं दुकान. अर्थात तिला फक्त क्रमांक आणि गाव दिसत होतं, आणि त्याला तिचं. पुढे जे बोलणं झालं ते मला नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी ते जास्तीचे बरेचसे आदरणीय गाळून शेजारी शेजारी मांडते, कारण असं मांडल्याशिवाय मलाही ते कळत नाही.

रेणूने लिहिलं: लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. चालेल का?
त्याला पोचलं: आदरणीय महोदय, मुलगी नोकरी करते. घरकामाची आवड आहे. लोभ असावा.

त्याने लिहिलं: मलाही.
तिला पोचलं: आदरणीय महोदया, मलाही. लोभ असावा.

रेणूने लिहिलं: मलाही म्हणजे काय? बरं ते जाऊ दे, स्वयंपाक येतो का?
त्याला पोचलं: आदरणीय महोदय, आपले छंद कळवावेत. लोभ असावा.

त्याने लिहिलं: सुट्टीच्या दिवशी खाडीवर गळ टाकून मासे गरवतो.
तिला पोचलं: तेच. पुढे आदरणीय, मागे लोभ.

रेणू त्या दिवशी वीजघरात एकटीच हसली म्हणे. स्वयंपाक येतो का विचारलं, तर म्हणतो मासे पकडून आणतो. पुढचं तुझं तू बघ. तिला वाटलं, माणूस चतुर आहे.

त्याने लिहिलं: मी आता सावर्डे सोडून कुठे जाणार नाही. चालेल का?
तिला पोचलं: आदरणीय आदरणीय महोदया, मुलाचे स्वतःचे दुकान आहे. निर्व्यसनी आहे. लोभ असावा लोभ असावा.

रेणूने लिहिलं: मी विचारलं नव्हतं, पण छान.
त्याला पोचलं: तेच.

त्याने सावर्डे सोडणार नाही असं सांगितलं, तर ती म्हणते मी विचारलं नव्हतं, पण छान. त्याला वाटलं, मुलगी मोकळी आहे.

थोडक्यात, दोघंही माझ्या सासूबाईंच्या प्रेमात पडत होते.

(पडवी: हे काढ. — नाही काढणार. — काढ गो. — बाबांना विचारू? — ... राहू दे.)

आणि मग रेणूने 'होकार' हे बटण दाबलं. तिला आलेल्या मागण्यांत तिने ते पहिल्यांदाच दाबलं होतं. होकार पडवीत आला. पडवीने त्याला पाणी दिलं आणि बसवून ठेवलं.

आठ दिवस गेले. सुजयकडे काही पोचलं नाही. पंधरा गेले. त्याने शेवटी लिहिलं: 'एवढं बोलणं झालं आणि उत्तर नाही. काय समजायचं ते समजलो. राग नाही.' दोन 'नाही'. तिला पोचलं: 'विचार करून कळवतो', आणि पुढे मोजता येणार नाहीत इतके आदरणीय.

दुसऱ्या कोणत्याही घरातल्या मुलीने याचा अर्थ 'विचार करतोय' असा घेतला असता. पण रेणू या घरात, त्या फोनच्या शेजारी वाढलेली. 'विचार करून कळवतो' म्हणजे काय हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

शनिवारी ती आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "वहिनी, माझं नाव काढ तुझ्या त्या साईटवरनं."

"का गो?"

"मी हो म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं. नोकरीच असणार. मी पहिल्यांदाच विचारलं होतं, तो गोड बोलून टाळत होता." ती कढईतल्या भाजीकडे बघत बोलत होती. "आता मी परत नाही भरायची."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. आई चुलीशी पाठमोऱ्या होत्या. त्यांच्या हातातला पळा थांबला.

"कधी हो म्हटलंस?" मी विचारलं.

तिने सांगितलं. आठ दिवस तर कधीच होऊन गेले होते. मी लॅपटॉप उघडला. होकार पडवीतच होता. आठ दिवस बसून तो उठला होता, आणि पुढच्या पडवीत जाऊन बसला होता.

पुढच्या?

मग मला ते दिसलं. माझ्या हातून पडवी अशा जागी बांधली गेली होती की मंडळाचं अध्यक्षांचं पान उघडलं की ती बांधली जाई. दर वेळी. जुनी पाडल्याशिवाय नवी. आणि बाबा ते पान दर रविवारी दुपारच्या झोपेनंतर उघडत, आणि कोणी पाहुणा आला की "हे आमचं मंडळ" म्हणून उघडून दाखवत. एकीमागे एक पडव्या उभ्या होत्या, गाडीच्या डब्यांसारख्या. प्रत्येक पडवी निरोपाला एक आदरणीय लावत होती. आणि होकाराला आठ दिवस.

मी बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. रेणूचा होकार सावर्ड्याला पुढच्या हंगामाच्या आंब्यांबरोबर पोचणार होता.

सांगावं लागलं. पडवी काय, नियम काय, सगळं. रेणू ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं, "मग त्यानं खरं काय लिहिलं होतं?"

"ते साठवलेलं नाही."

"मी विचारलेलं त्याला पोचलं का?"

"ते... म्हणजे तसं नाही पोचलं."

"मग मी इतके दिवस कोणाशी बोलत होते?"

मी लॅपटॉप मिटला. आई म्हणाल्या, "चांगल्यासाठीच केलं ना बाय."

"आई, त्या दोन वेळांना तू मला काय सांगितलं होतंस? घराचं काम काढलंय." रेणू म्हणाली. "दोघांचीही घरं मी नंतर बघितली. कौल सुद्धा बदललेलं नव्हतं."

आईंनी भाजीवर झाकण ठेवलं. झाकण नीट बसलेलं असूनही त्या ते बराच वेळ बसवत राहिल्या.

मी पडवी काढून टाकायला निघाले. चार ओळी पुसायच्या होत्या. पण बाबा मध्ये आले.

"तो मंडळाचा ठराव आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, रेणूचं आयुष्य आहे!"

"म्हणूनच. अध्यक्षाच्या मुलीसाठी अध्यक्षाच्या सुनेनं ठराव मोडला, तर उद्या जिल्हा काय म्हणेल? विशेष सभा बोलवावी लागेल. सात दिवसांची सूचना, गणपूर्ती. मात्र ठराव एका पडवीचा आहे. जास्तीच्या बेकायदेशीर आहेत, त्या तू काढ."

काढल्या. पण त्या नव्या निरोपांपुरत्या. जे आधीच आत शिरले होते त्यांचा रस्ता ठरून गेला होता. सभा बोलावली, तर भारताचा सामना होता. गणपूर्ती झाली नाही. अनिल एकटा आला आणि सूचक नसताना अनुमोदन देऊन गेला. कुंपणापलीकडून गोदूबाई म्हणाल्या, "पत्रिका असती तर."

रेणूला म्हटलं, नवा निरोप पाठव, तर ती म्हणाली, मध्ये कोणी बसलेलं असताना मी एक अक्षर लिहायची नाही. धम्मदीपला म्हटलं, आपण सरळ सावर्ड्याला जाऊ. तो म्हणाला, "बघा." पण दुकान कोणतं? नावं दोघांचा होकार झाल्यावरच उघड होणार, हा माझाच नियम, आणि होकार पडवीत. मी स्वतः बांधलेल्या घराला स्वतःच कुलूप लावून बाहेर उभी होते, आणि किल्ली कोणाकडे आहे तेही मीच ठरवलेलं होतं, फक्त आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी दारात एक टेम्पो थांबला. उतरले एक तिशीतले गृहस्थ आणि एक बाई, हातात काजूंची पिशवी. मी बाहेर आले. बाबा टेबलामागे बसले.

"आम्ही सावर्ड्याहून आलो," ते गृहस्थ म्हणाले. "मंडळाबद्दल तक्रार आहे."

"तक्रार कसली हो," बाई म्हणाल्या. "रत्नागिरीत दवाखान्याचं काम होतं, म्हटलं गुरुजींना भेटून जाऊ."

"कसलं काम, आई? सरळ इथंच आलो."

"सरळ म्हणजे वाटेत चहा घेतलाच की."

मी त्या बाईंकडे बघितलं. यमुनाबाई त्यांचं नाव. मला एकदम आमच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं.

"तुमच्याकडची एक मुलगी आहे," सुजय म्हणाला, "महिनाभर बोलली. चांगली बोलली. मग एकदम गप्प. नको तर नको म्हणावं ना माणसानं! मी काय खातो काय?"

"तो रागावलेला नाहीये," यमुनाबाई म्हणाल्या. "त्याचा आवाजच तसा आहे."

"सभासद क्रमांक?" बाबांनी विचारलं.

त्याने सांगितला. माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी बाबांच्या कागदांवर सांडलं. आणि माजघराच्या दारातून रेणू बाहेर आली. ती आतून सगळं ऐकत होती.

"ती मी," ती म्हणाली.

"ती म्हणजे आमची रेणुका," आई मागून घाईने आल्या, "सहज सरबत विचारायला आली होती."

"मी सरबत विचारायला नाही आले. तुम्हीच ते 'मलाही' काय?"

सुजय गोंधळला. "मला आलं होतं, मुलीला घरकामाची आवड आहे. म्हणून म्हटलं, मलाही. मी रांधतो ना घरी."

"कधीमधी हो, हौस म्हणून," यमुनाबाई म्हणाल्या.

"रोज रांधतो, आई."

"मी लिहिलंच नव्हतं घरकामाचं! मी नोकरीचं विचारलं होतं."

"नोकरीचं? मला काही नाही आलं. मी सावर्ड्याचं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, विचारलं नव्हतं पण छान."

"मला तर निर्व्यसनी आहे एवढंच आलं!"

"मी असं स्वतःबद्दल कशाला लिहीन?"

"तसा आहे पण," यमुनाबाई म्हणाल्या.

आता दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी तांब्या खाली ठेवला, तो कलंडला, उचलून परत ठेवला. रेणूने तोंड उघडलं. त्याच क्षणी आईंचा हात वर गेला. पलीकडे यमुनाबाईंचाही. दोन हात, अगदी सारखे. आणि मला पहिल्यांदा नीट दिसलं की मी काय बांधलं होतं.

"एक मिनिट," बाबा म्हणाले.

ते उठले. चष्मा लावला. ओल्या कागदांतून ठराव काढला आणि उभ्याने वाचला. "'मंडळाच्या वेबसाईटवरील सर्व निरोप व उत्तरे.' वेबसाईटवरील. प्रत्यक्ष भेटीला हा ठराव लागू नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "शालन, हात खाली घे. रेणुका, बोल."

आईंचा हात खाली आला. एवढ्या वर्षांत बाबांनी त्यांना नावाने हाक मारून काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. आईंनीही ऐकलं नसावं.

रेणू म्हणाली, "मी पोफळीची नोकरी सोडणार नाही. चालेल का?"

"मी सावर्डे सोडणार नाही. चालेल का?"

 यमुनाबाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा ते पदराने झाकलं.

"सावर्ड्याहून पोफळी मोटरसायकलने किती वेळ लागतो?" रेणूने विचारलं.

"पाऊस धरून की सोडून?"

"धरून."

तो विचारात पडला. खरंच विचार करत होता, कळवण्यापुरता नाही. "घाटाखालचा रस्ता धरला तर तासभर. पाऊस फार असला तर मी टेम्पोने सोडीन."

"सोडायला नको. मला येतो चालवता."

"टेम्पो?"

"वीजघरात त्याच्यापेक्षा मोठं चालवते."

"मग चालेल," तो म्हणाला.

"मग मलाही," रेणू म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

"अगो आठ दिवस तरी...!" आईंच्या तोंडून निघालंच.

"आई," रेणू म्हणाली, "माझा होकार आधीच दिलेला आहे. तो मुरतोय."

लग्न थंडीत झालं, चिपळूणच्या विहारात. पांढऱ्या साडीत रेणू सुंदर दिसत होती आणि अनिलने मंगल मैत्रीच्या पठणाच्या वेळीही अनुमोदन दिल्यासारखी मान हलवली. यमुनाबाई आणि आई एकमेकींना इतकं गोड बोलत होत्या की त्या नक्की काय बोलतायत हे त्या दोघींनाच ठाऊक. विशेष सभेची गणपूर्ती अजून झालेली नाही, त्यामुळे पडवी आजही चालू आहे. एकच. कायदेशीर. नव्या सभासदांना मी आधी सांगते की मध्ये कोणीतरी आहे. त्यावरही लोक येतात. उलट जास्त येतात.

मे महिन्यात रेणू आणि सुजय आंबे न्यायला आले होते. पडवीत पेट्या बांधणं चाललं होतं, तेवढ्यात सुजयचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि फोन रेणूला दिला. तिने मला दिला. आदरणीय इतके होते की बोटाने वर सरकवत सरकवत जावं लागलं. शेवटी, तळाशी: 'आपले स्थळ आम्हांस पसंत आहे. लोभ असावा', आणि मग लोभ, लोभ, लोभ, खाली फोन संपेपर्यंत.

"काय ता?" आईंनी विचारलं.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला, लावला, आणि पहिल्या आदरणीयपासून सुरुवात करून सगळं वाचलं. एकही गाळला नाही. सुजय आणि रेणू पेट्यांवर बसून वाट बघत होते. वाचून झाल्यावर आईंनी फोन जावयाला दोन्ही हातांनी परत दिला.

"बघ," त्या रेणूला म्हणाल्या. "याला म्हणतात होकार."

(पडवी: बरं लिहिलंयस. पण लगेच पाठवू नको हां. आठ दिवस जाऊ देत.)